जरा म्हणजे किती

गुरुग्रामची रॅपिड मेट्रो सायबर सिटीला एकेरी वळसा घालते. सिकंदरपूरकडून आलेली गाडी काचेच्या इमारतींमधून फिरते आणि पुन्हा सिकंदरपूरच्याच वाटेला लागते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात साहेब म्हणाले, "मुझे लूप में रखना," तेव्हा मला हा वळसाच डोळ्यांपुढे दिसला.

इथे दिवसभर हेच शब्द कानावर पडतात. लूपमध्ये ठेव, पोस्टेड ठेव, हेड्स अप दे. 'पोस्टेड'चा संबंध मी बरेच दिवस टपालाशी लावत होतो. पण तो आला हिशेबाच्या वहीतून. कीर्दीतली नोंद खतावणीत चढवायची, तसं माणसालाही ताज्या नोंदीपर्यंत आणून ठेवायचं. हा शब्द मला मनापासून आवडतो.

मराठीत आपण गोष्ट कानावर घालतो, कुणकुण लागते, कानोसा घेतो. सगळं कानाशी. कानावर घालायचं तर कुणीतरी जवळ यावं लागतं, वेळ बघावी लागते, समोरच्याचा चेहरा वाचावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात आई फोनवर म्हणाली, "बाबांना जरा बरं नाही." त्या दिवशी शंभरावर मेल आले होते आणि बहुतेकांत सीसीमध्ये माझं नाव होतं. मी 'जरा' ऐकलं आणि कामाला लागलो. चार दिवसांनी बहिणीकडून कळलं, अँजिओप्लास्टी झाली. "तू एवढ्या लांब, उगाच जिवाला घोर, म्हणून नाही कळवलं." मी फार चिडलो.

मग पानिपत आठवलं. तेही गुरुग्रामसारखंच हरियाणात, दिल्लीच्या पलीकडे. 1760च्या ऑक्टोबरात अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. पुढे जासुदांना पत्रं घेऊन निसटणंही कठीण झालं. 14 जानेवारी 1761ला लढाईत सगळं संपलं, तेव्हा नानासाहेब पेशवे उत्तरेच्या वाटेवर होते. त्यांना ते 24 तारखेला भेलशाजवळ कळलं, तेही एका सावकाराच्या पत्रातून. त्यात माणसांची नावं नव्हती. मोती किती, मोहरा किती गेल्या आणि खुर्द्याची गणती नाही, एवढंच होतं.

पत्र भलत्याच्या हाती पडेल, ही धास्ती सावकाराला असेलच. पण मला वाटतं, काही गोष्टी सरळ लिहायला हात धजत नाही. नानासाहेबांना मोती कोण ते विचारावं लागलं नसणार. दिल्लीत हिंगण्यांसारखे वकील ठेवून त्यांनी वर्षानुवर्षं बातमीपत्रं वाचली होती, आणि तिथे पडलेला विश्वासराव तर पोटचा मुलगा. आईचं 'जरा' त्याच जातीचं होतं. ते मला वाचता आलं नाही, ही चूक माझी.

आता रात्री जेवणानंतर मी फोन करतो. परवा ती म्हणाली, "बाबा जरा थकलेत."

"जरा म्हणजे किती, आई?"

ती गप्प झाली. मागे टीव्हीचा आवाज येत होता.

"थांब," ती हळूच म्हणाली, "दार लावून येते."