रक्ताच्या पिशवीवर नाव नसते

काही वर्षांपूर्वी एका आजोबांचे हिमोग्लोबिन ५ वर आले होते. रक्त चढवणे गरजेचे होते. पिशवी लावण्याआधी त्यांनी हळूच विचारले, "डॉक्टर, हे रक्त कोणाचं? आपल्यातल्याच माणसाचं ना?"

मी पिशवी त्यांच्यासमोर धरली. तिच्यावर रक्तगट, क्रमांक आणि तारखा होत्या. नाव, जात, धर्म काहीच नव्हते. मी म्हणालो, "आजोबा, तुमचा गट ओ, मुलाचा ए. पोटच्या पोराचं रक्त तुम्हाला चालत नाही, या अनोळखी माणसाचं चालतंय. आता आपला कोण, ते तुम्हीच सांगा."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी हात पुढे केला.

वाचकहो, रक्तगटांमधला फरक खरा आहे. चुकीच्या गटाचे रक्त दिले तर जीव जाऊ शकतो, म्हणूनच आम्ही आधी क्रॉसमॅच करतो. पण ए आणि बी गटांमधला फरक तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करेच्या एका रेणूचा आहे. पेशीच्या आत मात्र हिमोग्लोबिनच असते आणि ते सगळ्यांना प्राणवायूच पोहोचवते. सर्वांमध्ये एकच चैतन्य आहे असे आपण कीर्तनात ऐकतो; मला ते वॉर्डात पटले.

दुसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, "त्या माणसाला माझा नमस्कार सांगा."

रक्तदाता कोण, हे मलाही ठाऊक नव्हते. तुम्ही कधी रक्तदान केले असेल, तर तो नमस्कार कदाचित तुम्हालाच असेल.