चाळीस यार्डांची सनद

टेक्सासात एखाद्या शाळकरी मुलाची ओळख करून देताना त्याचे नाव, इयत्ता आणि आईबापांचा व्यवसाय यांच्या जोडीने, किंबहुना पुष्कळदा त्यांच्याही आधी, एक दशांश अपूर्णांक सांगितला जातो, आणि ऐकणाऱ्याने त्यावर भुवया उंचावाव्यात अशी सांगणाऱ्याची अपेक्षा असते, ही गोष्ट डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात बिऱ्हाड थाटल्यावर लवकरच माझ्या ध्यानात आली. आमच्या शेजारच्या चिरंजीवांचा अपूर्णांक साडेचार. म्हणजे चाळीस यार्ड, अर्थात ३६ मीटर ५८ सेंटिमीटर एवढे अंतर, तो ४.५ सेकंदांत धावतो. मुलगा हायस्कुलात फुटबॉल खेळतो. आपला पायांनी खेळायचा नव्हे, तर अंडाकृती चेंडू काखोटीस मारून, शिरस्त्राण आणि खांद्यांवर चिलखत चढवून, समोरच्या रांगेतून वाट काढीत पळण्याचा तो इकडचा फुटबॉल. या खेळाविषयी येथील जनतेची निष्ठा कोणत्या थराची आहे याचा अंदाज यावा म्हणून एकच दाखला देतो: आमच्यापासून जवळच असलेल्या ॲलन गावाने आपल्या हायस्कुलाच्या संघासाठी २०१२ साली अठरा हजार आसनांचे क्रीडागार बांधले, त्यावर सहा कोटी डॉलर खर्च केले, आणि दोन वर्षांतच काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून ते बंद ठेवून दुरुस्तही करवून घेतले. जबलपूरजवळच्या ज्या महाराजपुरात माझे बालपण गेले तेथील म्हातारेकोतारे आणि तान्ही मुले धरून सारी वस्ती जरी या पायऱ्यांवर आणून बसविली असती, तरी पुष्कळ जागा रिकामी राहिली असती.

हे चाळीस यार्डच का, पन्नास का नाहीत, अशी पृच्छा मी प्रथम केली तेव्हा शेजाऱ्याने माझ्याकडे करुणेने पाहिले. परंपरा अशी सांगतात की क्लीव्हलंडचे विख्यात प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी हे माप रूढ केले. लाथेने उंच उडविलेला चेंडू जितका वेळ हवेत राहतो तितक्या वेळात तो जेथे पडणार तेथे आपला गडी पोहोचला पाहिजे, आणि ते अंतर साधारण चाळीस यार्ड भरते. कारण मोठे व्यवहारी होते. पण वहिवाटीचे असे असते की कारण लोपते आणि वहिवाट राहते. आज ज्याला त्या उडविलेल्या चेंडूमागे कधीच धावायचे नाही, त्या तीनशे पौंडी धिप्पाड गड्याचीही चाळीस यार्डांची वेळ दफ्तरी नोंदवली जाते. दरवर्षी इंडियानापोलिस येथे व्यावसायिक संघांसमोर उमेदवारांची जी परीक्षा होते, तिच्यात २०२४ साली झेव्हियर वर्दी याने ४.२१ सेकंदांचा उच्चांक केला. त्यापूर्वीचा, २०१७ सालचा जॉन रॉसचा उच्चांक ४.२२ होता, म्हणजे सात वर्षांच्या तपश्चर्येचे फळ एक शतांश सेकंद.

आता यातली गंमत पाहा. धावण्याचा जगातला सर्वश्रेष्ठ पुरुष उसेन बोल्ट, ज्याने बर्लिन येथे २००९ साली शंभर मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, त्याने निवृत्तीनंतर २०१९ साली अटलांटा येथे साध्या पायजम्यात आणि बुटांत गंमत म्हणून हे चाळीस यार्ड धावून दाखविले, आणि वेळ निघाली ४.२२. असे असताना आमच्या परिसरातील हायस्कुलांत ४.३ आणि ४.४ ची मुले ज्या विपुलतेने आढळतात ती पाहिल्यावर, ऑलिम्पिकच्या धावपटूंची निवड करणाऱ्यांनी येथे मुक्काम का टाकला नाही, असा प्रश्न कोणाही विचारी माणसास पडावा.

उत्तर अंगठ्यात आहे. एका शनिवारी सकाळी शेजाऱ्याबरोबर मी शाळेच्या धावपट्टीवर गेलो होतो. मुलगा ओणवा होऊन, उजव्या हाताची बोटे रेषेवर टेकून, डावा हात कमरेमागे उचलून स्थिर झालेला. प्रशिक्षक चाळीस यार्डांपलीकडे शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन उभे. बंदूक नाही, शिट्टी नाही. मुलाचा हात जमिनीवरून उचलला गेलेला दिसला की कळ दाबायची, असा शिरस्ता. पण हात हलल्याचे डोळ्याला दिसणे, डोळ्याने ते मेंदूला कळविणे आणि मेंदूचा हुकूम अंगठ्यापर्यंत पोहोचणे, या टपालखात्याला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो, आणि तेवढ्यात मुलगा पहिले पाऊल टाकून मोकळा झालेला असतो. शेवटी मात्र तो समोरून धावत येताना दिसतच असल्यामुळे अंगठा आधीपासून सिद्ध असतो आणि कळ वेळेवर, प्रसंगी क्षणभर आधीही, दाबली जाते. आरंभी उशीर, अखेरीस घाई. दोन्ही चुका धावणाऱ्याच्या पदरात. ॲथलेटिक्सच्या जगात म्हणूनच छोट्या शर्यतींच्या हातघड्याळावरील वेळेत ०.२४ सेकंद मिळवून मगच ती विजेच्या घड्याळाशी ताडून पाहण्याचा प्रघात आहे. नऊ मीटर प्रतिसेकंद या वेगाने त्या ०.२४ सेकंदांचे अंतर काढले तर ते दोन मीटरांहून अधिक भरते. म्हणजे चाळीस यार्डांच्या शर्यतीत प्रत्येक मुलाला दोन मीटर जमीन इनाम मिळते, आणि अंगठा जर वडिलांचा असेल तर इनाम किंचित वाढते. शिवाय शंभर मीटरच्या धावपटूला बंदुकीचा आवाज ऐकून हलायला जो वेळ लागतो (बर्लिनला बोल्टलाही ०.१४६ सेकंद लागले होते), तोही यांच्या हिशेबी धरला जात नाही, कारण घड्याळच मुळी मुलगा हलल्यावर सुरू होते.

या फुगवट्याला हसणे सोपे आहे. पुष्कळ दिवस मी हसलोही. परंतु टेक्सासच्या या वेडापोटी जे जन्माला येते ते नुसते हास्यास्पद नाही. शरद ऋतूत फुटबॉल खेळणारी मुले वसंतात धावपट्टीवर उतरतात, कारण प्रशिक्षकच त्यांना तिकडे पिटाळतो. तेथे मात्र विजेचे घड्याळ आणि वारा मोजणारे यंत्र असते, आणि जिल्हा, प्रदेश अशा पायऱ्या चढत ऑस्टिनच्या राज्यस्पर्धेपर्यंत पोहोचणाऱ्याच्या अपूर्णांकातली सारी हवा वाटेतच निघून जाते. ज्या डॅलस काऊबॉईज संघाची निशाणे आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांवर फडकतात, त्यातला बॉब हेज हा याच मिश्र परंपरेचा मूळ पुरुष म्हणावा. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये राखेच्या धावपट्टीवर, सर्वात आतल्या, इतरांच्या पायांनी उखणलेल्या पट्ट्यातून धावून त्याने शंभर मीटरचे सुवर्णपदक घेतले आणि पुढच्याच वर्षी तो काऊबॉईजकडून खेळू लागला. त्याला एकट्याने अडविणे कोणत्याही गड्याला शक्य होईना, म्हणून माणसामागे माणूस लावण्याऐवजी मैदानाचे प्रदेश वाटून घेऊन रखवाली करण्याच्या पद्धतीला प्रतिपक्षांना आश्रय घ्यावा लागला. एका माणसाच्या पायांनी एका खेळाचे व्यूहशास्त्र फिरविल्याचे दुसरे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या माहितीत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी महाराजपूरला गेलो होतो. आमचे वडील तोफगाडीच्या कारखान्यात कारकून होते. जबलपुरातली पुष्कळ मराठी घरे, काही नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून आणि काही रेल्वे व कारखान्यांच्या निमित्ताने, अशीच नोकरीच्या धाग्याने तेथे बांधली गेली, आणि नोकरी या शब्दाला त्या घरांतून जे पावित्र्य आहे ते अद्याप ओसरलेले नाही. धाकट्या भावाचा मुलगा अकरावीत आहे. शाळेच्या संघात उजव्या बगलेला तो फुटबॉल खेळतो, आपला फुटबॉल, आणि चेंडू पुढे ढकलून मागच्या गड्याला मागेच ठेवण्याची त्याची हातोटी पाहून मी स्तिमित झालो. घरी आल्यावर विचारले, "शंभर मीटरला किती लागतात रे तुला?" तो गोंधळला. कोणी कधी मोजलेच नव्हते. पण लगेच सावरून म्हणाला, "सोळाशेला पाच अठ्ठावीस, काका."

सोळाशे मीटर हे सैन्यभरतीचे अंतर, आणि साडेपाच मिनिटांच्या आत आले तर पुरे साठ गुण. मध्यप्रदेश पोलिसांच्या शिपाईभरतीत पुरुषांना आठशे मीटर, दोन मिनिटे पंचेचाळीस सेकंदांत. पहाटे धुक्यात महाराजपूरच्या रस्त्याकडेला जी मुले धावताना दिसतात, त्यांच्या मनात हेच दोन आकडे असतात. सरकारने ज्या अंतराला पगार जोडला ते अंतर मोजले जाते, बाकीचा वेग बेवारस. यात मुलांचा दोष शोधणे हा कोतेपणा होईल. नाव घालण्यासारखी दुसरी यादीच ज्या गावात नाही, तेथील मुलगा सोळाशेच धावणार.

आणि हा बेवारस वेग किती मोलाचा असू शकतो हे सांगायला फार लांब जावे लागत नाही. जबलपूरहून थेट आगगाडी ज्या अंबिकापूरला जाते, आणि २००० सालापर्यंत जे आमच्याच प्रांतात मोडत होते, तेथील सैनिकी शाळेत अनिमेष कुजूर नावाचा मुलगा फुटबॉल खेळत असे. धावण्याकडे तो २०२१ च्या सुमारास वळला, तोही बराचसा योगायोगाने. २०२५ च्या मे महिन्यात त्याने दक्षिण कोरियातील गुमी येथे आशियाई स्पर्धेत दोनशे मीटर २०.३२ सेकंदांत धावून कांस्यपदक मिळविले आणि जुलैत ग्रीसमध्ये शंभर मीटर १०.१८ सेकंदांत पार करून राष्ट्रीय विक्रम केला. शाळेच्या मैदानावर त्याच्या मागे राहून गेलेल्या प्रतिस्पर्ध्यांना, आपल्याला काय मागे टाकून गेले, याची कल्पनाही तेव्हा आली नसेल. टेक्सासात असता तर आठवीतच त्याच्या नावापुढे अपूर्णांक लागला असता. खोटा का होईना, पण कोणीतरी येऊन तो खरा करून पाहण्याइतका मोठा.

म्हणून त्या अंगठ्यांविषयी माझे मत आता पुष्कळ मवाळ झाले आहे. पोराच्या वेळेत दोन दशांश चोरणारा बाप निदान घड्याळ घेऊन मैदानावर उभा तरी असतो.

परत निघण्यापूर्वी मी पुतण्याला एक वही आणि एक घड्याळ घेऊन दिले, चुन्याने शंभर मीटर आखून घ्यायला सांगितले, आणि तारीखवार नोंद ठेवताना प्रत्येक वेळेत ०.२४ मिळवायची, अशी सक्त ताकीद दिली. पहिला आठवडा त्याने ती पाळली, १२.१ चे १२.३४ करून पानाचे छायाचित्र पाठविले. दुसऱ्या आठवड्यात फोन आला. "तुमच्या तिकडे कोणी मिळवतं का काका हे?" मी खरे ते सांगितले. "मग मीच का मिळवू?" तो म्हणाला, आणि त्यानंतरच्या पानावर ती बेरीज मला दिसलेली नाही.