समोरचा वारा

व्हॅलहाइम या खेळात लोखंड वेशीतून जात नाही. वेस हे आम्ही ठेवलेलं नाव. खेळात त्याला पोर्टल म्हणतात. लाकडाची एक चौकट इथे उभी करायची, दुसरी लांबच्या बेटावर, दोन्हींना एकच नाव द्यायचं. मग एकीतून शिरलं की दुसरीतून बाहेर. लाकूड, कातडी, मध, मांस सगळं बरोबर येतं. तांबं, कथील, लोखंड मात्र येत नाही. अंगावर एक तुकडा जरी असला तरी वेस आपल्याला आत घेत नाही. मग तो माल होडीत घालून समुद्रावरून आणायचा. आणि समुद्रावर वारा असतो, आमच्या नशिबात बहुतेक वेळा समोरचा.

खेळ विकायला आला २ फेब्रुवारी २०२१ ला. स्वीडनमधल्या शोव्दे गावातल्या पाच जणांनी केलेला, जेमतेम एक जीबीचा. महिन्याभरात ५० लाख प्रती खपल्या, त्यातल्या चार आमच्या. पण तो पुरा झालेलाच नव्हता. 'अर्ली ॲक्सेस' म्हणजे बांधकाम चालू असताना राहायला जाणं. मी त्या वेळी पुण्यात तशाच एका इमारतीत राहत होतो. लिफ्टला दार होतं, आत लिफ्ट नव्हती. क्लबहाउस फक्त जाहिरातीच्या चित्रात. त्यामुळे नकाशावर नाव असलेल्या पण आत जवळजवळ काहीच नसलेल्या मिस्टलँड्स या प्रदेशाचं मला विशेष वाटलं नाही. 'पुढे येणार आहे' हे वाक्य मी सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकत होतो.

आम्ही चौघे कॉलेजचे. एक नाशिकला, एक रत्नागिरीला, एक स्टुटगार्टला, मी पुण्यात. व्हॉट्सॲपवर आमचा ग्रुप होता आणि त्यावर वाढदिवसाचे केक सोडून काही हलत नसे. एकमेकांना फोन करायचा तर कारण लागायचं. ते कारण या खेळाने पुरवलं: आज छप्पर घालायचंय, ये.

पहिलं घर बांधलं आणि आत चूल पेटवली, तर धुराने चौघेही मरायला टेकलो. खेळात धूर खराच साठतो. रत्नागिरीकर म्हणाला, "अरे, आमच्या आजीच्या स्वयंपाकघराला वर धुराडं होतं ते काय शोभेला?" मग आढ्याशी फट ठेवली, तिच्यावर पाऊस अडवायला आडोसा केला. तोडलेलं झाड अंगावर पडून नाशिककर किती वेळा गेला याचा हिशेब स्टुटगार्टवाला ठेवायचा. रात्र झाली की सगळ्यांनी आपापल्या बिछान्यावर आडवं व्हायचं. एक जण जरी जागा राहिला तरी पहाट लवकर आणता येत नाही. "कोण जागंय?" असं ओरडलं की हमखास रत्नागिरीकर सापडायचा, शेगडीशी मांस उलटत. हे सगळं जग माझ्या संगणकावर होतं. आईने जेवायला हाक मारली आणि मी उठलो, की समुद्रासकट ते थांबायचं.

लोखंडासाठी दलदलीत जावं लागतं. तिथल्या तळघरांतून चिखल खोदायचा, गंजके तुकडे गोळा करायचे. मोठं जहाज बांधायला शंभर लोखंडी खिळे लागतात, म्हणजे लोखंड आणायच्या जहाजासाठी आधी लोखंड हवं. तोवर लहान होडी. सुकाणू रत्नागिरीकराकडे, कोकणातला म्हणून; गडी जन्मात फक्त जयगड-तवसाळच्या फेरीबोटीत बसलेला. तरी आम्ही त्याला तांडेल म्हणायचो. बाकीच्यांना काम काही नसायचं. वारा समोरून आला की शीड उतरवून वल्ह्यांवर, कासवाच्या चालीने. दहा मिनिटं, वीस मिनिटं, नुसतं पाणी.

त्याच वर्षीच्या एप्रिलमधली, करोनाच्या दिवसांतली गोष्ट. अशाच एका खेपेत, बराच वेळ कुणी बोललेलं नसताना, तांडेल म्हणाला, "बाबांना आज ॲडमिट केलं रे."

"ऑक्सिजन?"

"शहाऐंशी. बेड मिळाला एवढंच."

कुणी काही बोललं नाही. होडी डुलत होती. मग नाशिककराने विचारलं, तुझी टेस्ट झाली का, घरी जेवणाचं कोण बघतंय. स्टुटगार्टवाल्याने पैशांचं विचारलं, तेही शीड चढव म्हणाल्याच्या सुरात. समोरासमोर बसलो असतो तर हे बोलणं झालं नसतं. फोन करून तर नाहीच. फोनवर शांतता पसरली की ती कुणीतरी भरून काढावी लागते. इथे ती लाटांचा आवाज भरून काढत होता आणि चौघांचे डोळे एकाच क्षितिजावर होते. किनाऱ्याला लागल्यावर त्याच्या पेटीत कुणीतरी शिजवलेलं मांस ठेवून गेलं होतं. कुणी ते आम्ही विचारलं नाही. त्याचे बाबा सतरा दिवसांनी घरी आले.

मिस्टलँड्स शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये भरून आले. त्यात एक गंमत होती: नव्या गोष्टी फक्त न पाहिलेल्या भूमीवर उगवतात. जिथे आपण आधी फिरून आलो, तिथे जुनी पोकळ झाडंच राहतात. पूर्वी उगाच भटकल्याची शिक्षा म्हणून आम्हाला नवे प्रदेश शोधत आणखी लांब जावं लागलं. मला ती शिक्षा वाटली नाही, पण नाशिककराला वाटली. त्याला तोवर मुलगी झाली होती, त्याच्याकडे रोजचा पाऊण तास होता.

ऑगस्ट २०२३ मध्ये खेळात नवी सोय आली: हवं तर वेशीतून लोखंडही नेता येईल. जग माझं, म्हणजे बटण माझ्या हातात. नाशिककर म्हणाला, "लेका, चाळीस मिनिटं वल्हवायला वेळ कुणाला आहे?" त्याचं बरोबर होतं. मी बटण दाबलं.

चार खेपांचं लोखंड दहा मिनिटांत घरी आलं. भट्टी पेटली. मग आम्ही अंगणात उभे राहिलो.

"अजून काय?"

"बाकी ठीक."

"तुझं?"

"ठीक."

तांडेल म्हणाला, "होडी काढू का?"

"काय आणायचंय?"

"काही नाही."

निघालो. वारा समोरचाच. नाशिककर मुलीच्या झोपेचं सांगू लागला, रात्रभर कशी खांद्यावरच लागते, बायको आणि तो पाळ्या कशा लावतात. मग मधेच, "उठली रे, उठली," म्हणाला आणि डोलकाठीजवळून नाहीसा झाला.

भर समुद्रात असा खेळ सोडला की परत येताना माणूस त्याच जागी येतो, होडी असो वा नसो. होडी पुढे गेली तर तो सरळ पाण्यात. स्टुटगार्टवाल्याने शीड उतरवलं. तांडेलने सुकाणू सोडलं. आम्हीही तिथेच बाहेर पडलो, आणि मी शेवटी जग बंद केलं.