गिअर सटकतोय? आधी केबल बघा!

गाळप हंगामात सोनईत सायकल चालवायची, म्हणजे थ्रिल फुकटात! मुळा कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघालेल्या आणि माझ्या जुन्या थ्री-स्पीडचा दुसरा गिअर ऐन वेळी सटकायला लागला. पायडल एकदम रिकामं! सगळे म्हणाले, ‘हब गेला.’

थांबा! स्टर्मी-आर्चर पद्धतीच्या जुन्या हबमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मधे न्यूट्रल असतो. केबल सैल पडली, की दुसरा गिअर तिथे घसरतो. दुसऱ्यावर ठेवून उजव्या नटच्या भोकातून बघा: बारीक साखळीच्या दांडीची कड अ‍ॅक्सलच्या टोकाशी समपातळीत हवी. नसेल, तर केबलचा अ‍ॅडजस्टर फिरवून जुळवा.

माझं काम पाच मिनिटांत झालं. तरीही सटकला, तरच हब खोला. ट्रॉलीपुढे उभं राहून पायडल मारण्याआधी एवढं बघाच, बॉस!