मुहूर्त आणि उजेड

फोटोचं ठरवायला लोक येतात तेव्हा पॅकेज विचारतात, अल्बमची पानं विचारतात, ड्रोन आहे का विचारतात. मी आधी विचारतो, मुहूर्त कितीचा? 'तो तर ठरलाय हो', असं उत्तर येतं. पंचांगात त्या दिवशी दुसरा मुहूर्त आहे का, हे कुणी पाहिलेलं नसतं. बऱ्याचदा असतो.

*

मे महिना, दुपारचे साडेबारा, उघडं लॉन. याहून वाईट उजेड मला माहीत नाही. पुण्यात १३ मेच्या आसपास आणि मुंबईत १५ मेच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. शाळेतली मुलं शून्य सावली बघायला काठी रोवतात ते हेच दिवस. पुण्यात तो क्षण साधारण १२:३१चा. आता गंमत बघा. दिवसाचे पंधरा भाग केले की आठवा तो अभिजित मुहूर्त, आणि त्याचा मध्य म्हणजे हाच क्षण. ज्योतिषाला जो दिवसातला उत्तम, तोच कॅमेऱ्याला सगळ्यात वाईट. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाची सावली ओठांवर, मुंडावळ्यांच्या मोत्यांची रेघ गालावर. नवरा रागावलेला दिसतो आणि नवरी रात्रभर जागलेली. (जागलेली असतेच, पण ते अल्बममध्ये कशाला?)

मांडवावर पांढरं कापड ताणून घेतलं तर निभतं. लाल-पिवळं कापड नको, सगळी वऱ्हाडी मंडळी कावीळ झाल्यासारखी येतात. डेकोरेटरला हे आधी सांगावं लागतं. त्याच्याकडे पिवळंच जास्त असतं.

*

तोच साडेबाराचा मुहूर्त मार्गशीर्षात असेल तर माझी तक्रार नाही. डिसेंबरात पुण्याचा सूर्य भर दुपारीसुद्धा पन्नास अंशांच्या वर चढत नाही, सावली जवळजवळ माणसाएवढी पडते, उजेड चेहऱ्यावर तिरका येतो. तेव्हा 'दुपारचं लग्न नको, फोटो चांगले येत नाहीत' असं सरसकट म्हणणाऱ्याला आधी महिना विचारावा.

*

मुहूर्त म्हणजे लग्नाची सुरुवात नव्हे, हे परदेशी सल्ले वाचून येणाऱ्या मुलामुलींना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तिकडे विधी चार वाजता सुरू होतो म्हणजे चारला सुरू होतो. आपल्याकडे त्या वेळेला अंतरपाट दूर होतो, बस. त्याआधी सीमंतपूजन, गौरीहर. त्यानंतर कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी. मुहूर्ताचं मिनिट हलत नाही, पण आगचंमागचं सगळं सैल असतं. माझी घासाघीस तिथे चालते. साडेबाराचा मुहूर्त आहे? मग नवरी साडेनऊला तयार हवी, कारण गौरीहराला बसलेल्या मुलीवर सकाळचा खिडकीतला उजेड पडतो तसा दिवसभरात पुन्हा पडत नाही. मेकअपवाल्या ताई यावर माझ्याशी भांडतात. त्यांचंही बरोबर असतं. साडेनऊला तयार म्हणजे त्यांना पहाटे पाचला यायचं असतं.

*

गोरज. सगळ्यांना हवा असतो, नाव गोड आहे आणि आभाळही. सूर्यास्ताच्या आगेमागेची वेळ. पण आपण उष्ण कटिबंधात राहतो, इथे सूर्य घाईत बुडतो. ज्याला इंग्रजाळलेले फोटोग्राफर 'गोल्डन अवर' म्हणतात तो आपल्याकडे अर्ध्या तासात आटपतो. लंडनला जूनमध्ये तोच जवळजवळ तासभर रेंगाळतो. त्यामुळे गोरज मुहूर्तावर मंगलाष्टकं वेळेत संपली तर सोनं. मामी, मावशी, आत्या यांनी स्वतः रचलेली कडवी म्हणायला घेतली की पहिल्या अष्टकाला जो चेहरा केशरी होता तो शेवटच्याला निळा.

शिवाय बहुतेक ठिकाणी वधूवर पूर्व-पश्चिम उभे असतात. मग मावळतीचं ऊन एकाच्या तोंडावर आणि दुसऱ्याच्या पाठीवर. एकाचे डोळे बारीक, दुसऱ्याचा चेहरा काळा. स्टेज किंचित तिरकं बांधा म्हटलं तर गुरुजी मान्य करतात. काही वेळा वरमाय करत नाही.

*

नागपूरच्या पाहुण्यांनी पुण्याच्या हिशोबावर जाऊ नये. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात सूर्य ५:५७च्या सुमारास मावळतो, नागपुरात ५:३१ला. घड्याळ एकच, पण नागपूर सुमारे साडेपाचशे किलोमीटर पूर्वेला. पत्रिकेवर 'सायं. ६' छापलेलं पुण्यात संध्याकाळ असते, नागपुरात रात्र.

*

हॉल बघायला लोक ऑफिस सुटल्यावर जातात, झुंबरं लावलेली असताना. मुहूर्त जर दुपारचा असेल तर दुपारी जावं. व्यवस्थापकाला म्हणावं, दिवे बंद करा, पडदे उघडा. खिडक्या कुठल्या बाजूला, स्टेजच्या मागे की समोर? मागे असतील तर दोन्ही चेहरे काळवंडणार. पुण्यातल्या जुन्या मंगल कार्यालयांत वर झरोके असत, त्यांतून येणारा उजेड फार चांगला. नव्या एसी हॉलमध्ये भिंत बंद, स्टेजवर गुलाबी-जांभळे एलईडी. त्या दिव्यांत हिरवी पैठणी काळी पडते आणि हळद लागलेली मुलगी आजारी दिसते. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, व्हिडिओत पट्टे सरकतात. अशा हॉलमध्ये मुहूर्त कितीचाही घ्या, काही फरक पडत नाही.

*

अंतरपाट पांढरा असेल तर तोच माझा रिफ्लेक्टर. बाजूच्या खिडकीतून उजेड त्यावर पडतो आणि दोघांच्या चेहऱ्यांवर मऊ परततो. हल्ली गडद मखमलीचे, चित्रं काढलेले अंतरपाट निघालेत. दिसायला सुंदर. उजेड सगळा पिऊन टाकतात.

*

चेहऱ्यांसाठी सगळ्यात उत्तम आभाळ आषाढ-श्रावणाचं. एकसारखा ढग, कुठेही उभं राहा, सावली नाही, साडीचा रंग खरा. नेमकं तेव्हाच चातुर्मास लागतो आणि मुहूर्त संपतात. मग कार्तिकात तुळशीचं लग्न लागेपर्यंत आम्ही वाढदिवस काढतो.

*

मुहूर्त न मानणाऱ्यांना मोकळीक आहे. २५ डिसेंबर १८७३ला पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजीशिवाय. त्या वाटेने जाणाऱ्यांना किंवा १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करून नंतर समारंभ करणाऱ्यांना वेळ पूर्णपणे उजेडावर ठरवता येते. हिवाळ्यात सकाळी नऊ, नाहीतर दुपारी साडेचार. तरीही त्यातले बरेच जण साडेबाराच ठरवतात. कारण जेवण. यात मला गैर वाटत नाही. उपाशी माणसाचा फोटो कुठल्याच उजेडात चांगला येत नाही.

*

त्याच कारणाने मी भांडतो ते पंगतीसाठी. नवराबायकोला तासभर बागेत नेऊन झाडाला टेकवणारे माझ्या धंद्यात बरेच आहेत. तिकडे विहिणी ताटावर खोळंबलेल्या, आजोबांची गोळी राहिलेली. घरच्यांचे गट-फोटो मुहूर्तानंतर लगेच, आजीआजोबा आधी. जोडीचे फोटो सावकाश चारनंतर, पोटभर जेवून. तेव्हा सूर्यही उतरलेला असतो आणि बूट लपवणाऱ्या करवल्याही दमलेल्या असतात.

*

आदल्या दिवशी गुरुजींना फोन करतो. होमकुंड कुठल्या अंगाला, लाह्यांच्या वेळी नवरीचा भाऊ कुठे उभा राहणार, ते कॅमेऱ्याच्या आड स्वतः किती येणार, सगळं मोकळेपणाने सांगतात. अष्टकं किती, विचारलं की म्हणतात, माझी पाच. मामींचं मामींना विचारा.