भिवंडीची भातखाचरे

भिवंडी म्हणजे यंत्रमाग आणि गोदामे, अशी व्यापाऱ्यांची समजूत असते. गोदामांच्या रांगांपलीकडे मात्र अजून भातखाचरे आहेत. आषाढात त्यांच्या घोटाभर पाण्यात गोगलगायी हिंडू लागतात. पायला या जातीस कल्ला व फुप्फुस दोन्ही असतात. उन्हाळाभर ती शंखाचे झाकण मिटून चिखलात निजते. जैन शास्त्रांनी शंखजीवास द्वीन्द्रिय मानले आहे: स्पर्श आणि रस.

चातुर्मासाच्या याच दिवसांत खोडकिड्यावर फवारणी होते. क्लोरपायरीफॉससारखी औषधे मज्जातंतूंचे कार्य चालविणारे एक विकर निकामी करतात. किडीत आणि गोगलगाईत ती भेद करीत नाहीत. विष जाणवताच गोगलगाय भरपूर चिकट स्राव सोडते, अंग आत ओढून झाकण लावते. पुढे स्नायू सैल पडून झाकण उघडेच राहते. मात्रा अल्प असली तर ती जगते, पण खाणे मंदावते, अंडी घटतात. मेलेल्या गोगलगायी मोजता येतात. न घातलेली अंडी कोणत्या खतावणीत मांडावीत? खाचरातले पाणी ओहोळांनी पुढे कामवारी नदीकडे जाते. या शंखांवर पोट भरणारा उघड्या चोचीचा करकोचा काठावर उभा असतोच. खोडकिड्यासाठी कामगंध सापळेही मिळतात, आणि ते पाण्यात काही मिसळीत नाहीत.