ऑपेराच्या पोटातलं तळं

बालमित्रांनो, भुताची गोष्ट ऐकायचीय? मग चला, पॅरिसला जाऊ या. तिथं भर शहरात एक राजवाड्यासारखं नाट्यगृह आहे. त्याचं नाव पॅले गार्निए. १८७५ साली उघडलेलं. दारापाशीच संगमरवराचा असा प्रशस्त जिना, की वर चढताना आपणच राजे झाल्यासारखं वाटावं! प्रेक्षागृहात डोक्यावर सुमारे सात टनांचं झुंबर. आणि वरच्या मजल्यावर पाच नंबरचा बॉक्स. त्याच्या दारावर चक्क पाटी आहे, 'ऑपेराच्या भुताचा बॉक्स'!

हे भूत आणलं गास्तों लरू या लेखकानं. तो आधी पत्रकार होता. १९१० साली त्याची कादंबरी पुस्तकरूपानं आली. तिच्यातला एरिक कुरूप चेहरा मुखवट्यामागं लपवतो, नाट्यगृहाच्या तळघरात, एका तळ्यापलीकडं राहतो आणि पाच नंबरचा बॉक्स आपल्यासाठी रिकामा ठेवायला लावतो. रागावला की अख्खं झुंबर प्रेक्षकांवर पाडतो.

थापा? सगळ्याच नाहीत हं! २० मे १८९६ रोजी प्रयोग चालू असताना झुंबराचा तोल सांभाळणारं एक अवजड वजन खरोखरच सुटून खाली आलं आणि प्रेक्षकांतली एक बाई दगावली. लरूनं वजनाचं झुंबर केलं, एवढंच. तो आपल्या गोष्टीच्या सुरुवातीला म्हणतो, गाण्यांच्या तबकड्या पुरण्यासाठी तळघरात खणताना एक सांगाडा सापडला. सांगाडा त्याच्या डोक्यातला, पण तबकड्या खऱ्या! १९०७ साली नामवंत गायकांच्या तबकड्या डब्यांत बंद करून तिथं ठेवल्या होत्या, शंभर वर्षांनी उघडायच्या म्हणून. त्या उघडल्या आणि ती गाणी आता कुणालाही ऐकता येतात.

मग ते तळं? तेही आहे! १८६१ साली शार्ल गार्निए या तरुण वास्तुशिल्पकारानं पाया खणायला घेतला, तर जमिनीतून पाणीच पाणी. वाफेचे पंप कित्येक महिने रात्रंदिवस चालले, तरी पाणी काही हटेना. शेवटी गड्यानं युक्ती केली. खाली भल्यामोठ्या हौदासारखं बांधकाम केलं आणि त्यातच पाणी भरून ठेवलं. बाहेरचं पाणी आत रेटतं, आतलं बाहेर रेटतं. इमारत आपली मजेत उभी! शिवाय आग लागलीच, तर पाणी हाताशी.

आग! मला विचाराल तर नाटकवाल्यांना खरी धास्ती भुताची नव्हतीच, ती आगीची होती. तेव्हा रंगमंचावर गॅसबत्त्या जळत आणि नर्तकींचे झगे असत पातळ मलमलीचे. एमा लिव्री नावाची गुणी नर्तकी याच मंडळींच्या जुन्या नाट्यगृहात नाचायची. आग लागू नये म्हणून कापड औषधात बुडवून घेत, पण त्यानं झगा कडक आणि मळकट दिसे. एमाला ते आवडेना. तिनं नाही म्हटलं. नोव्हेंबर १८६२ मध्ये तालमीच्या वेळी तिचा झगा बत्तीला लागून पेटला. आठ महिने तिनं सोसलं आणि मग ती गेली. अवघी वीस वर्षांची होती हो! तिच्या जळक्या कपड्यांचे तुकडे आजही पॅले गार्निएमधल्या संग्रहालयात जपून ठेवलेत. ते जुनं नाट्यगृहही ऑक्टोबर १८७३ मध्ये जळून गेलं आणि मगच रखडलेल्या या इमारतीचं काम झपाट्यानं पुरं झालं.

म्हणूनच त्या तळ्यावर पॅरिसच्या अग्निशामक दलाचं लक्ष असतं. दलाचे जवान अधूनमधून तिथं उतरतात. वर घुमणारं गाणं नाही, झुंबराचा लखलखाट नाही. नुसते दगडी खांब आणि काळंशार पाणी. त्या मिट्ट अंधारात ते पोहण्याचा सराव करतात.